विसाव्याचा भाव

एक एकर भाताला माणसाचे किती दिवस द्यावे लागतात, असं शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो सहसा एक आकडा सांगणार नाही. तो उलट विचारेल, चिखलणी बैलांनी की टिलरने? बेणणी एकदा की दोनदा? झोडणी घरी की मशीनवर? आणि घरात हातपाय हलवणारी माणसं किती? अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण या उलटप्रश्नांत आहे. कष्ट, पीक आणि मोकळा वेळ यांची आपसात अदलाबदल होत असते. थोडा विसावा सोडला की थोडं जास्त भात येतं. पण किती विसावा सोडल्यावर किती भात, हा दर कुणाच्या मर्जीने ठरत नाही. तो हातातलं अवजार, लागवडीची पद्धत, बियाणं, जमीन आणि पाऊस मिळून ठरवतात. माणसाची निवड त्या दराच्या चौकटीत होते. ही चौकट कशी बनते आणि ती कधी, कुणासाठी रुंदावते, हे सावकाश उलगडून बघण्यासारखं आहे.

शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागलं की सापगावाशी भातसा ओलांडावी लागते. या पट्ट्यात खरिपाचं मुख्य पीक भात. पाऊस भरपूर, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमिनीचे तुकडे लहान, खाचरं बांधाबांधांनी वाटलेली. म्हणून इथे जमीन वाढवून पीक वाढवायची सोय फार थोड्यांना आहे. बहुतेकांना वाढवता येतात ते फक्त कामाचे दिवस.

हिशेबापुरतं एक घर धरू. जमीन एक एकर, काम करणारं माणूस एक, आणि मृगापासून मळणीपर्यंत त्याच्या हाताशी असलेले १२० दिवस. पुढचे पिकाचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण ते ज्या रीतीने चढतात ती रीत कुठल्याही खाचरात दिसेल. या माणसाने जेमतेम २० दिवस दिले, म्हणजे घाईत नांगरट, कशीबशी लावणी आणि कापणी एवढंच केलं, तर ६ क्विंटल भात येतं असं समजू. ३० दिवस दिले, चिखलणी नीट झाली, लावणी ओळीने झाली, तर साडेआठ. ४० दिवसांत तण काढायची एक बेणणीही होते आणि पीक १० क्विंटलवर जातं. ५० दिवस दिले तर दुसरी बेणणी, बांधांची डागडुजी, पाण्यावर लक्ष, आणि पीक १०.८. साठाव्या दिवसापर्यंत राबलं तर ११.१.

पहिल्या वाढीव दहा दिवसांनी अडीच क्विंटल दिले, पुढच्या दहांनी दीड, मग ०.८, मग ०.३. माणूस शेवटी आळशी झाला म्हणून हे घडलं नाही. जमीन तेवढीच, चिखल तेवढाच, रोपं तेवढीच. तण एकदा निघाल्यावर दुसऱ्यांदा काढायला कमीच उरतं. जमिनीचा तुकडा ठरलेला असताना त्यावर कष्ट वाढवत नेले की प्रत्येक पुढच्या दिवसाची कमाई घटत जाते. इतर धंद्यांतही हेच होतं, शेतीत ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने वाचू. ४० दिवस काम म्हणजे ८० दिवस मोकळे आणि १० क्विंटल भात. ३० दिवस काम म्हणजे ९० दिवस मोकळे आणि साडेआठ. म्हणजे हे दहा जादा मोकळे दिवस दीड क्विंटलला पडले, एक दिवस १५ किलोला. विसाव्याला भाव असतो तो असा. आणि हा भाव सगळीकडे एक नसतो. साठ दिवस राबणारा पन्नासावर आला तर त्याला मोकळा दिवस फक्त ३ किलोला पडतो. तीस दिवसांवरून विसावर येणाऱ्याला तोच दिवस २५ किलोला पडतो. कागदावर मोकळे दिवस आडवे आणि भात उभं मांडून हे बिंदू जोडले, तर बाहेरच्या बाजूला फुगलेली एक रेघ तयार होते. रेघेच्या आतलं सगळं शक्य आहे. रेघेबाहेरचं, उदाहरणार्थ नव्वद दिवस मोकळे आणि अकरा क्विंटल भात, या अवजारांनी आणि या जमिनीत शक्य नाही, कितीही इच्छा असली तरी.

२०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता, म्हणजे किलोला २३. या भावाने वरचे दिवस मोजले तर विसाव्या दिवसानंतर तिसाव्यापर्यंतचा प्रत्येक दिवस ५७५ रुपयांचा, चाळीसपर्यंतचा ३४५ चा, पन्नासपर्यंतचा १८४ चा आणि साठपर्यंतचा ६९ रुपयांचा निघतो. बाहेर कुठे दिवसाला ४०० रुपये मजुरी मिळते असं धरलं, तर तिसाव्या दिवसानंतर घरच्या खाचरात राबण्यापेक्षा बाहेर गेलेलं परवडतं. मुरबाडला एमआयडीसी आहे, शहापूरजवळ आसनगावहून कल्याण-ठाण्याकडे लोकल जाते. अशा गावांत दुसरी बेणणी राहून जाते, बांध ढासळलेले दिसतात, आणि म्हातारी माणसं म्हणतात की पोरांचं शेतात लक्ष नाही. पोरांचं लक्ष आहे, त्यांनी हिशेब केलेला आहे. (पेंढ्याची किंमत मी यात धरलेली नाही. ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत ते ती धरतात, आणि म्हणून ते शेतात थोडे जास्त दिवस टिकतात.)

बाहेर काम मिळतच नसेल तर? मग शेवटच्या दहा दिवसांचे तीस किलोही सोडवत नाहीत. रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी १९२५ मध्ये शेतकरी कुटुंबाबद्दल हेच मांडलं होतं. मजूर लावून शेती करणारा नफा बघतो आणि मजुरीपेक्षा कमी देणाऱ्या दिवशी थांबतो. घरच्या हातांनी शेती करणारं कुटुंब मात्र आणखी एका दिवसाचा शीण आणि ताटातली आणखी एक मूठ यांचा तोल बघतं. खाणारी तोंडं जास्त आणि काम करणारे हात थोडे असले की तोल शिणाकडे झुकतो. त्याच एकरावर, त्याच अवजारांनी, दोन घरं रेघेवरचे वेगवेगळे बिंदू का निवडतात हे त्यातून कळतं.

इथवर मी सगळे दिवस सारखे धरले. भातात ते कधीच सारखे नसतात, आणि या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा गुंता माझ्या मते इथेच आहे. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावणी, म्हणजे इथली आवणी, व्हायला हवी. रोप जास्त वयाचं झालं की फुटवे कमी येतात आणि पीक घटतं. आणि पाऊस एकाच वेळी सगळ्या शिवारात पडत असल्याने सगळ्यांची आवणी एकाच पंधरवड्यात येते.

हे काम जवळून बघितलं की वेळ कुठे जातो ते कळतं. आधी राबातलं, म्हणजे रोपवाटिकेतलं, आवण उपटायचं. रोप बुंध्याशी धरून ओढायचं, वर धरलं तर तुटतं. मुळांची माती पाण्यात खळबळून काढायची, मूठभर रोपं झाली की काडीने बांधायची. त्या मुठी चिखलात ठिकठिकाणी फेकायच्या. मग बाया ओळ धरतात. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सुटी करून अंगठ्याने चिखलात रोवायची आणि मागे सरकायचं. कमरेतून वाकलेलं अंग तासन्‌तास तसंच. डोक्यावर इरलं असो की प्लॅस्टिक, पाणी पाठीवरून वाहतच असतं. यातलं एकही काम जूनमध्ये उरकून ठेवता येत नाही आणि ऑगस्टवर ढकलता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पन्नास मोकळे दिवस असले तरी जुलैत कमी पडलेला एक दिवस त्यांतून भरून काढता येत नाही. म्हणून वर्षभराचे मोकळे दिवस मोजून ‘शेतकऱ्याला खूप रिकामा वेळ असतो’ म्हणणाऱ्यांचा हिशेब चुकतो.

आपल्याकडच्या जुन्या पद्धतींनी हा गुंता फार आधी ओळखला होता. राब भाजणी घ्या. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांची कवळं, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर असं रचून ते भाजतात. राखेने रोपांना खत मिळतं हे खरं, पण जमिनीतलं तणाचं बी जळून जातं हे वेळेच्या हिशेबात जास्त मोलाचं. पावसाच्या घाईत रोपवाटिका निंदायचा वेळ वाचतो, आणि त्याच्या बदल्यात जे तोडणं-वाहणं करावं लागतं ते हिवाळ्या-उन्हाळ्यात होतं, जेव्हा दिवस स्वस्त असतो. महाग दिवसातलं काम स्वस्त दिवसात नेणारं हे तंत्र होतं. इंग्रज अंमलात जंगल राखीव झालं तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावरून असंतोष उसळला, आणि १८८७ मध्ये अहवाल देणाऱ्या बॉम्बे फॉरेस्ट कमिशनपुढे राब हा एक मोठा मुद्दा होता. वनखात्याला त्यात झाडांची नासाडी दिसत होती. शेतकऱ्याला त्यात जुलैतला वेळ दिसत होता. राबाने झाडोरा खाल्ला हे नाकारता येत नाही, पण पर्याय न देता तो काढून घेणं म्हणजे शेतकऱ्याची रेघ आत ढकलणं होतं.

आता यंत्र आणू. टिलरने चिखलणी आणि मशीनवर मळणी केली तर आपल्या माणसाचे दहा दिवस वाचतात असं धरू. जे पीक आधी ४० दिवसांत येत होतं ते आता ३० दिवसांत येईल. पण भाडं द्यावं लागतं. ते २३०० रुपये, म्हणजे एक क्विंटल भात, समजू. मग २० दिवस काम करणाऱ्याला साडेआठातून एक वजा जाता साडेसात क्विंटल उरतात. जुन्या पद्धतीत त्याला ६ मिळत होते. ३० दिवसवाल्याला ९ उरतात, आधी साडेआठ होते. ४० दिवसवाल्याला मात्र ९.८ उरतात, आणि जुन्या पद्धतीत १० होते. ५० दिवसवाल्याचं नुकसान आणखी मोठं : १०.१ विरुद्ध १०.८.

दोन्ही रेघा तीस आणि चाळीस दिवसांच्या दरम्यान एकमेकींना छेदतात. यंत्राने चौकट सगळ्यांसाठी सारखी रुंदावत नाही. ज्याचा वेळ महाग आहे, ज्याला बाहेर पगार आहे, त्याच्यासाठी ती रुंदावली. ज्याच्याकडे वेळ आहे पण रोकड नाही, त्याच्यासाठी जुनीच रेघ बाहेरची राहिली. एकाच वाडीत एका बांधाअलीकडे टिलर आणि पलीकडे बैलजोडी दिसते तेव्हा पलीकडचा माणूस मागासलेला असतो असं नाही. तो वेगळ्या बिंदूवर उभा असतो.

सगळं नवं तंत्र वेळ वाचवतंच असंही नाही. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भातलागवड कोकणात बरीच नावाजली. त्यात रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून-पालटून ठरलेलं अंतर, आणि दर चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी हाताने चिखलात खोचणं अशी सूत्रं आहेत. खत वाहून जात नाही, पीक वाढतं. पण अंतराचा हिशेब मांडला तर हेक्टरी ६२,५०० गोळ्या होतात, एकरी पंचवीस हजारांच्या घरात. प्रत्येक गोळीसाठी हात चिखलात जातो. हे तंत्र रेघ वर उचलतं, उजवीकडे सरकवत नाही. ज्या घरी हात आहेत आणि जमीन थोडी, त्याला ते लाभतं. ज्या घरची तरुण माणसं सकाळची लोकल पकडतात, त्याला पटूनही जमत नाही.

याच्या उलट टोकाला सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केलं. यात एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरलेल्या अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत थेट बी टोकायचं. चिखलणी नाही, आवण नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची आणि पुढच्या वर्षी नांगर न घालता त्याच वाफ्यांवर पुन्हा टोकणी करायची. जुलैतला जो पंधरवडा सगळ्या गावाचा गळा धरतो, तोच या तंत्राने मोकळा होतो. त्याची किंमतही आहे. चिखलाने दबणारं तण आता तणनाशकाने आवरावं लागतं, आणि त्या औषधाचा खर्च आणि त्याचे माती-पाण्यावरचे परिणाम या दोन्हींबद्दल सावध राहायलाच हवं. तरीही मला हे तंत्र मोलाचं वाटतं, कारण ते नेमकं कुणाच्या पाठीवरचं ओझं उतरवतं ते स्पष्ट आहे.

नांगर आणि चिखलणी ही पुरुषांची कामं. टिलर आला तेव्हा पुरुषांचे दिवस वाचले. आवणी आणि बेणणी बहुतांशी बायकांची. ती टिलरने एका तासानेही कमी झाली नाहीत. उलट चिखलणी झपाट्याने उरकल्यामुळे आवणीचा तगादा वाढला. घराची एकच रेघ काढली की हा फरक झाकला जातो. खरं तर एका घरात दोन-तीन घड्याळं चालू असतात. बायकांचं घड्याळ मोकळं करणारं मोठं यंत्र या भागात कधी आलं असेल तर ती भाताची गिरणी. त्याआधी रोजचे तांदूळ घरीच व्हायचे. भात घिरटात भरडायचं, मग उखळ-मुसळात सडायचं, सुपाने पाखडायचं, आणि हे सगळं दिवसाच्या कामाला लागण्याआधी पहाटे. गिरणीने तांदूळ वाढवले नाहीत. तेवढेच तांदूळ, पण पहाट परत दिली. असंच काम नळ करू शकतो. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. हंड्यामागे जाणारे तास कुठल्याही पिकाच्या हिशेबात येत नाहीत, म्हणून ते वाचवणाऱ्या तंत्रावर खर्च करायची घाईही कुणाला होत नाही.

वाचलेल्या वेळाचं पुढे काय होतं? इथे दोन ओढी एकमेकींविरुद्ध काम करतात. चांगल्या तंत्राने एका दिवसाची कमाई वाढली की रिकामं बसणं महाग होतं, म्हणून माणूस जास्त राबतो. पण त्याच कमाईने घर भरतं, म्हणून विसावा परवडायलाही लागतो. कुठली ओढ जिंकेल हे तंत्र सांगत नाही. शहापूर-मुरबाडमध्ये पाण्याची सोय असलेल्या बऱ्याच घरांनी भातानंतर भेंडी, काकडी, वाल घेणं पत्करलं. भेंडी कोवळी असतानाच तोडावी लागते, म्हणून दिवसाआड पहाटे तोडा ठरलेला. जुलैत वाचलेले दिवस डिसेंबर-जानेवारीत तोड्याला लागतात. गरजू घराने मोकळ्या वेळाचं रूपांतर पैशात केलं यात नवल नाही.

श्रीमंत देशांतही काम आणि विसाव्याचं प्रमाण आपोआप ठरलं नाही. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पादनाबद्दलचा त्यांचा अंदाज बराच खरा ठरला, तासांबद्दलचा नाही. लोकांनी वाढीव क्षमतेचा मोठा भाग वस्तूंवर खर्च केला. मुंबईच्या गिरण्यांत तर तंत्राने कामाचा दिवस लांबवला. विजेचे दिवे आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाळी चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणली गेली, कारण अंधार ही जी नैसर्गिक हद्द होती ती पुसली गेली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचे तास बारावर आणले, तेव्हा कुठे नवी हद्द आली. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. त्या वर्षी माग काही नवं शिकले नव्हते. रेघ तीच होती, तिच्यावरचा बिंदू कोण निवडणार हे बदललं.

हा बिंदू निवडायची मोकळीकच ज्यांना नाही, अशी माणसं सापगावच्या आसपास आजही आहेत. अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते, आणि हिशेब हजार विटांमागे होतो. हजारी दर कमी आणि उचल मोठी असली की मोकळा दिवस म्हणजे फिटायचं राहिलेलं कर्ज. त्यांच्या कागदावर रेघ आहे, पण तिच्या एका टोकाशीच त्यांना उभं केलेलं असतं. तिथे नवं यंत्र आणण्याआधी दर आणि उचलीचा हिशेब सरळ व्हायला हवा.

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्या बाबतीत एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे, आणि ती आपल्याच आकड्यांतून दिसते. मघाशी टिलर-मळणीचं भाडं एक क्विंटल धरलं होतं. गावच्या बचत गटाने किंवा अवजार बँकेने तीच यंत्रं सामाईक ठेवून ते अर्ध्या क्विंटलवर आणलं असं धरू. आता ४० दिवस राबणाऱ्याला १०.३ क्विंटल उरतात, जुन्या पद्धतीपेक्षा तीस किलो जास्त. ५० दिवसवाल्याला १०.६, म्हणजे अजून वीस किलो कमी. छेद चाळीस आणि पन्नासच्या दरम्यान सरकला. यंत्र तेच आहे, पण आधी ज्याला ते परवडत नव्हतं त्या घरापर्यंत ते पोचलं. पन्नास दिवसवाल्या घरापर्यंत पोचायला भाडं तीस किलो भाताच्या खाली यावं लागेल. आणि साचा, टोकणी यंत्र, कोनोवीडर अशी बायकांच्या हातातली कामं हलकी करणारी अवजारं त्या बँकेत टिलरच्या आधी आली, तर जुलैतला पंधरवडा पहिल्यांदा त्यांच्यासाठी मोकळा होईल.